अतिवृष्टीची मदत आणि कापडाची उधारी

पुण्यातील घाऊक कापड व्यापाराचा मोठा भाग खेड्यातील पिकावर चालतो, हे लक्ष्मी रस्त्यावर खरेदीला येणाऱ्याला कळत नाही. धाराशिव, बीड, सोलापूरकडील दुकानदार आमच्याकडून माल उधार नेतो, तो पुढे शेतकऱ्याला उधार देतो आणि सोयाबीन बाजारात आले की पैसा त्याच वाटेने परत येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला, परंडा, माढा, करमाळा भागात उभे पीक पाण्याखाली गेले आणि ऐन दसरा-दिवाळीच्या तोंडावर ही वाट बंद झाली.

७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. आकडा ऐकून बाजारात रौनक आली. वसुली होणार, असे जो तो म्हणू लागला. पण कोटींचा आकडा वर्तमानपत्रासाठी असतो. व्यापाऱ्याने हेक्टरी आकडा पाहावा.

निकष असा, की पीक ३३ टक्के किंवा अधिक गेले तरच मदत. (२०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती.) दर जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि फळबागेला २२,५००. मर्यादा दोन हेक्टरांची, ती या वेळी तीन केली गेली. शिवाय रब्बीसाठी हेक्टरी १०,००० वेगळे जाहीर झाले. २०२२ च्या अतिवृष्टीत राज्याने जिरायतीला १३,६०० दिले होते, हेही ध्यानात ठेवावे. आता दोन एकर जिरायत असलेल्याचा हिशेब करा. पिकाचे सुमारे ६,८०० आणि रब्बीचे ८,०००, तेही एकदम हातात येत नाहीत. त्यातून बियाणे, खत, किराणा. कापडाला काय उरणार?

रक्कम कोणाला मिळते, हा तर याहून मोठा प्रश्न. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनामा करतात, तहसीलमध्ये यादी होते आणि पैसा आधारशी जोडलेल्या खात्यात जातो. नाव सातबाऱ्यावर पाहिजे. बाप वारला आणि वारसनोंद झाली नाही, तर रक्कम अडकते. जमीन सामाईक असेल तर भावांची संमती हवी. आणि जो बटाईने कसतो, त्याचे पीक वाहून गेले तरी मदत जमीनमालकाच्या नावावर. आमच्या दुकानदारांच्या वहीत मात्र नाव बहुधा बटाईदाराचेच असते!

परंड्याकडील आमच्या एका जुन्या गिऱ्हाईकाने दिवाळीनंतर वही उघडून दाखवली. त्याच्या एका गावातील अकरा खातेदारांपैकी चौघांनाच रक्कम आली होती, आणि त्यातील एकाची बँकेने थकीत कर्जापायी रोखून धरली होती. मदतीची रक्कम कर्जात वळती करू नये, अशा सूचना सरकार बँकांना देते. शाखेत जाऊन भांडल्यावर ती सुटली.

बँकेला जे लागू, ते आपल्याला लागू नाही काय? मदत जमा झाली त्या आठवड्यात काही पेढ्यांनी वसुलीचे माणसे गावोगाव पाठवली. हे आम्हाला पटले नाही. त्यात व्यापारी शहाणपणही नाही. ज्याचे बियाण्याचे पैसे आपण उचलले, तो पुढील हंगामात देणार कोठून? १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि कसबा पेठेत पाणी शिरले, तेव्हा मुंबईच्या एका पेढीने आमच्या वडिलांकडील तगादा वर्षभर थांबवला होता. ते खाते पुढे तीस वर्षे चालले.

आम्ही त्या भागातील दुकानदारांकडून घडी न मोडलेल्या भारी साड्या परत घेतल्या, त्या बदल्यात चादरी, सुती लुगडी व शाळेच्या गणवेशाचे कापड दिले, आणि जुन्या बाकीला रब्बीची ज्वारी निघेपर्यंत मुदत दिली. नवा माल मात्र निम्मा रोख, निम्मा उधार.