एक्सप्लेनर : अ‍ॅल्युमिनियमच्या चाकांवर पांढरी भुकटी का येते? बंदराच्या फेऱ्या करणाऱ्या ट्रकमालकांनी हिवाळ्यात काय करावे?

मालेगाव : दिवाळीनंतर मुंबई-आग्रा महामार्गावर मालाची वर्दळ वाढते. उमराणे, चांदवड, पिंपळगावचा लाल कांदा आणि जानेवारीपासून निर्यातीची द्राक्षे घेऊन गाड्या न्हावा-शेवा बंदराकडे निघतात. मालेगावहून हे अंतर एका बाजूने साधारण पावणेतीनशे किलोमीटर. अशा फेऱ्या करणाऱ्या ज्या गाड्यांना अ‍ॅल्युमिनियमची चाके आहेत, त्यांच्या चाकांवर काळपट डाग आणि पांढरी भुकटी दिसू लागते.

मोबाइलवर शोधले तर हिवाळ्यात चाके कशी जपावीत याचे परदेशी व्हिडिओ भरपूर सापडतात. पण ते बर्फाच्या रस्त्यांसाठी आहेत. आपल्या चाकांवर मीठ येते ते समुद्राकडून आणि मालातून. त्यावर उपाय म्हणून मारलेले अ‍ॅसिड कधी कधी मिठापेक्षा जास्त नुकसान करते. नेमके काय होते, ते समजून घेऊ.

आधी पाहा, चाक अ‍ॅल्युमिनियमचेच आहे का?

साधा लोहचुंबक लावा. चिकटला तर चाक लोखंडी. ट्यूब आणि रिंग असलेली जुनी २० इंची चाके लोखंडीच असतात. ट्रकची अ‍ॅल्युमिनियमची चाके बहुतेक २२.५ इंची, ट्यूबलेस टायरची असतात.

ही चाके महाग असूनही घेतली जातात ती वजनामुळे. या मापाचे लोखंडी चाक ३५ ते ४० किलोच्या घरात, तर घडीव अ‍ॅल्युमिनियमचे २५ किलोच्या आसपास असते. दहा चाकी गाडीला सव्वाशे-दीडशे किलो वजन वाचते आणि तेवढा माल कायदेशीर मर्यादेत जास्त बसतो. अमेरिकेच्या अल्कोआ कंपनीने १९४८ मध्ये ट्रकसाठी असे घडीव चाक आणले.

'अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही' हे खरे का?

अर्धेच खरे. हवा लागताच या धातूवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो. त्याची जाडी काही नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी. हाच थर आतल्या धातूला जपतो आणि ओरखडा पडला तरी लगेच पुन्हा तयार होतो.

मिठातील क्लोराइड मात्र हा थर जागोजागी फोडतो. तिथे सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि द्राक्षावर भुरी यावी तशी पांढरी भुकटी साचते. लोखंडासारखा लाल गंज दिसत नसल्याने दुर्लक्ष होते.

मालेगावात बर्फ नाही, मग हिवाळ्याचा संबंध काय?

अमेरिका, कॅनडात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात, कारण मिठाचे पाणी शून्याच्या बरेच खाली गोठते. आपल्याकडे निफाडचा पारा कितीही उतरला तरी ती वेळ येत नाही.

पण समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. किनाऱ्यावरची हवा, खाडीलगतचा चिखल आणि मासळीच्या गाड्यांतून गळणारे पाणी यातून ते चाकांवर येतात. मीठ किंवा खत वाहणाऱ्या गाड्यांना तर मालातूनच क्लोराइड मिळते. एमओपी हे पोटॅश खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच.

पावसाळ्यात यातले बरेचसे धुऊन जाते. हिवाळ्यात धुवायला पाऊस नसतो, पण पहाटे भिजवायला दव असते. समुद्री मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड तर हवेतला ओलावा स्वतःच ओढून घेते. त्यामुळे कोरडे दिसणारे चाकही रात्रभर खारट ओलीत उभे राहते.

खरा धोका कुठे असतो?

चाक हबला जिथे टेकते तिथे. हब लोखंडी आणि चाक अ‍ॅल्युमिनियमचे. या दोन धातूंमध्ये खारट पाणी शिरले की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजते. मधे भुकटीचा थर साचतो, पुढे तो भाराखाली दबतो आणि घट्ट केलेले नट सैल पडू शकतात. कसारा घाटाच्या उतारावर याचा अर्थ काय, हे चालकांना सांगायला नको.

बाहेरून आरशासारखे चमकणारे चाक आतून खराब असू शकते. म्हणून चाक काढले जाईल तेव्हा हबचा आणि चाकाचा टेकणारा भाग साफ व कोरडा करून मगच बसवा. त्या भागावर ग्रीस किंवा रंगाचा जाड थर नको.

अ‍ॅसिड मारले की चकाचक होते, मग बिघडते काय?

ऑक्साइडचा थर साधारण ४ ते ८.५ पीएचच्या दरम्यान टिकतो. तीव्र अ‍ॅसिड आणि कॉस्टिक सोडा, दोन्ही तो खातात. चाक दोन दिवस पांढरेशुभ्र दिसते, मग आधीपेक्षा लवकर काळवंडते.

बिनलेबलच्या कॅनमधील काही क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड असू शकते. ते कातडीतून आत शिरते आणि वेदना काही तासांनीही सुरू होऊ शकतात. उघड्या हाताने चाके घासणाऱ्या पोरांसाठी हे फार धोक्याचे आहे. अंगावर उडाल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि दुखण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठा. जाताना कॅन सोबत न्या.

पॉलिश कशी करावी?

• चाक थंड होऊ द्या. साध्या पाण्याने माती काढा, मग सौम्य साबण आणि मऊ ब्रश वापरा.
• चाकावर पारदर्शक कोटिंग आहे का ते पाहा. कापडावर थोडी पॉलिश घेऊन कोपऱ्यात घासा. कापड काळे झाले तर धातू उघडा आहे. काळे झाले नाही तर कोटिंग आहे, त्यावर पॉलिश पेपर किंवा घासणारी पेस्ट नको.
• खड्डे असतील तरच पॉलिश पेपर घ्या. ६०० नंबरने सुरुवात करून १००० आणि २००० वर जा, सगळे पाणी लावून.
• मग अ‍ॅल्युमिनियमची पॉलिश पेस्ट थोडी थोडी लावा. मशीन एकाच जागी धरू नका, धातू तापतो.
• शेवटी वॅक्स किंवा सीलंट लावा. पॉलिश फक्त चमक देते, मिठापासून आडोसा हा थरच देतो. पाण्याचे थेंब गोळा होईनासे झाले की तो पुन्हा लावा.

काय टाळावे?

• लोखंडी तारेचा ब्रश. त्याचे कण धातूत रुततात आणि तिथून डाग सुरू होतात.
• नटाच्या भोकांजवळ किंवा टायर बसतो त्या कडेवर ग्राइंडर.
• चीर गेलेल्या चाकाला वेल्डिंग. उष्णतेने घडीव धातूची ताकद जाते. असे चाक बदलणे हाच उपाय.
• लोखंडी चाकांच्या जागी जुन्याच बोल्टवर अ‍ॅल्युमिनियमची चाके. ही चाके जाड असतात, नटाला पुरेसे आटे मिळत नाहीत. लांब बोल्ट लागतात.

फेरीनंतर एवढे करा

बंदरावरून परतल्यावर त्याच दिवशी चाके साध्या पाण्याने धुवा, आतली बाजूही. चाक काढून बसवले असेल तर नट गाडीच्या पुस्तिकेतील मापाने टॉर्क रेंचने आवळा आणि ८० ते १६० किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासा. नटाच्या भोवती काळ्या रेषा किंवा भुकटीचे ओघळ दिसले तर गाडी पुढे नेण्याआधी चाक उतरवून पाहा.