आवाज कधी येतो, ते आधी पाहा

मे महिना होता. जून तोंडावर आला की सोलापुरात शाळेच्या गणवेशांची घाई सुरू होते. बुधवार पेठेत आमच्या बहिणीच्या घरी चार शिलाई मशिनी आहेत आणि गल्लीतल्या आणखी सहा बाया आपापल्या घरी शिवतात. कापलेला माल अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून आणायचा आणि शिवून परत पोचवायचा, यासाठी भाच्याने जुनी डिझेल इंडिका घेतली आहे. मागची सीट काढून तिथे गठ्ठे ठेवतो. त्या गाडीवर सात घरांची मजुरी अवलंबून आहे.

एका सकाळी भाचा दारात आला. "मामा, गाडी रडायला लागली. वळवली की हूंऽऽ करते, स्टेअरिंगही जड लागतंय." गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून पाच मिनिटांत निकाल दिला होता. पंप गेला, रॅकही गेला, दोन्ही बदला, पंधरा हजार होतील. बहीण म्हणाली, "दादा, हंगामाची सगळी शिल्लक यातच जाईल. तू जरा बघ ना."

आम्ही काही मिस्त्री नाही. पण गल्लीत एक काका आहेत, गिरणीत फिटर होते. खात्यात शेकडो माग धडधडत असताना नेमक्या कोणत्या मागाचे काय बिघडले, हे ते आवाजावरून सांगत. गिरण्या बंद पडल्या, काकांचा कान मात्र शाबूत आहे. त्यांनी भाच्याला पहिला प्रश्न केला, "आवाज कधी येतो रे?" गॅरेजात हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

आता थोडे समजून घेऊ. जुन्या गाड्यांतले पॉवर स्टेअरिंग तेलावर चालते. इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो. तो डबीतून तेल ओढतो आणि जोराने रॅककडे ढकलतो. चाक वळवायला लागणारी ताकद त्या तेलातून मिळते. मग तेल दुसऱ्या पाइपातून डबीत परत येते. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरने १९२० च्या दशकात अवजड ट्रकवाल्यांचे हाल पाहून यावर काम सुरू केले. विक्रीच्या मोटारीत ते आले १९५१ साली, क्रायस्लरच्या इंपीरियल गाडीत. आपल्याकडे ॲम्बॅसडर आणि फियाट चालवणाऱ्यांनी जन्मभर खांद्यांच्या बळावर स्टेअरिंग ओढले. हल्लीच्या बहुतेक लहान गाड्यांत विजेची मोटर असते, तेल नसतेच. त्यांचा बिघाड वेगळ्या रीतीने शोधावा लागतो.

काकांनी गाडी सपाट जागी उभी केली, हँडब्रेक ओढला आणि गिअर न्यूट्रलला टाकला. भाच्याला इंजिन चालू करायला सांगितले, पण स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. बारीक गुणगुण होती. मग जागच्या जागी चाक वळवले, तसा आवाज मोठा झाला. वेग वाढवला की आवाजही चढे.

यातूनच बरेच कळते, वाचकहो. चाक वळवताना हूंऽऽ असा कण्हण्यासारखा आवाज असेल तर तेल कमी झाले आहे किंवा त्यात हवा शिरली आहे, हा पहिला संशय. इंजिन चालू करताच किंवा जोरात वळवताना किंचाळी ऐकू आली तर पट्टा ढिला झालेला, झिजलेला किंवा तेलकट झालेला असतो. चाक पार टोकाला नेल्यावर सूंऽऽ असा आवाज येतो. तो बिघाड नव्हे. जादा दाब सोडणारी झडप उघडते, तिचा तो आवाज. मात्र चाक टोकाला पाच सेकंदांहून जास्त धरून ठेवू नये, पंप तापतो. आणि खड्ड्यात खट्-खट् वाजत असेल तर पंपाला दोष देऊ नका. तिथे बॉल जॉइंट, रॅकचे टोक किंवा बुश पाहावे लागते. आमच्या रस्त्यांवर हे दुखणे पंपापेक्षा जास्त.

इंजिन बंद करून काकांनी डबीचे झाकण उघडले. तेल खुणेच्या खाली गेले होते, पण फार नाही. रंग काळपट होता आणि वर साबणासारखा फेस. थोड्या वेळाने तेल आपोआप किंचित वर आले. काका हसले. "हवा आहे आत. इंजिन चाललं की दबते, बंद केलं की फुगते."

पण हवा आली कुठून? खाली तर तेलाचा थेंबही गळत नव्हता. भाचा याच ठिकाणी फसला होता आणि खरे सांगायचे तर आम्हीही. डबीतून पंपाकडे जाणाऱ्या पाइपात तेल ढकलले जात नाही, ओढले जाते. तो पाइप सैल झाला तर गाडी चालू असताना तेल बाहेर येण्याऐवजी हवाच आत जाते. काकांनी पाइप बोटांनी दाबला. रबर लाकडासारखे कडक झालेले, तोंडाशी बारीक चिरा. इंजिनाची धग आणि वर सोलापूरचा उन्हाळा, रबर किती दिवस टिकणार?

तरी पंपाची खात्री करायची होती. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाशी लावून काकांनी त्याचे टोक चालू इंजिनात पंपाच्या अंगावर टेकवले, मग अल्टरनेटरवर. गिरणीत बेअरिंगचा आवाज ते असाच ऐकत. खरखर कुठेच नव्हती. हा प्रयोग मात्र नवख्याने करू नये. फिरत्या पट्ट्याजवळ सैल बाही, ओढणी, पदर असता कामा नये.

नवा पाइप, दोन क्लिपा आणि तेल, सगळे मिळून हजाराच्या आत भागले. तेलाबाबत एक इशारा. डबीवर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेले तेलच घ्या. हाताशी आहे म्हणून ब्रेक ऑइल ओतले तर रबरी सीलच फुगून खराब होतात, मग खरोखरच पंप आणि रॅक बदलावे लागतात.

जुने तेल काढून नवे भरले. पुढची चाके जॅकने उचलून खाली भक्कम ठोकळे दिले, कारण नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणे म्हणजे जिवाशी खेळ. इंजिन बंद ठेवूनच भाच्याने चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश वीसेक वेळा फिरवले. डबीत बुडबुडे येत राहिले, बहीण वरून तेल घालत राहिली. बुडबुडे थांबल्यावर इंजिन चालू केले, पुन्हा तसेच फिरवले. घाईने इंजिन आधीच चालू केले तर पंप हवेचा फेस करतो आणि काम दुप्पट होते.

दुपारी दोन वाजता भाचा गठ्ठे भरून एमआयडीसीला गेला. पहाटे गाडी थंड असताना पंप अजून जरा गुणगुणतो. काका म्हणाले, "म्हातारा झालाय, गुणगुणू दे. आवाज वाढला तर मला सांग." भाचा आता दर रविवारी डबीचे झाकण उघडून पाहतो.