विमान रद्द झाले तर गप्प बसू नका!

विमान हे बड्या लोकांचे वाहन, ही समजूत आता राहिलेली नाही. आखातात कामाला जाणारा मुलगा, नागपूरहून मुंबईच्या इस्पितळात न्यायचे आजारी वडील, दिल्लीला मुलाखतीसाठी निघालेली मुलगी, अशा कारणांनी कष्टकरी घरांतली माणसेही विमानाने जाऊ लागली आहेत. पण विमानतळावर शिरताच आपला आवाज खाली जातो. काउंटरवरचा माणूस इंग्रजीत काही बोलतो, आपण मान डोलावतो आणि बाकावर जाऊन बसतो. हा संकोच महागात पडतो.

आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाचेच पाहा. लेकराबाळांसह चौघे विमानतळावर पोहोचले, तर विमान रद्द! 'मेसेज पाठवला होता,' असे उत्तर मिळाले. मेसेज गेला होता एजंटच्या मोबाईलवर. पाच तास बसले, पाणीदेखील कोणी विचारले नाही. कंपनी म्हणे, पैसे एजंटकडून घ्या. एजंट म्हणे, कंपनीकडून आले की देतो. शेवटी उसनवारी करून दुसरी तिकिटे काढावी लागली.

वाचकहो, अशा वेळी काय मिळायला हवे, याचे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 2010 सालीच केले आहेत. अडीच तासांपर्यंतचा प्रवास असेल आणि विमानाला दोन तासांहून अधिक उशीर झाला, तर वेळेवर हजर झालेल्या प्रवाशाला खाणेपिणे द्यावे लागते. उशीर सहा तासांहून अधिक असेल, तर दुसरे विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे मागता येतात. विमान रद्द झाले आणि चोवीस तास आधीही कळवले नसेल, तर याशिवाय प्रवासाच्या वेळेप्रमाणे 5,000 ते 10,000 रुपयांपर्यंत भरपाई आहे. पक्के तिकीट असूनही जागा भरल्या म्हणून बसू दिले नाही आणि तासाभरात सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात सोय केली नाही, तर 2016 च्या दुरुस्तीनुसार 20,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. धुके, वादळ, संप अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना भरपाई नाही, पण म्हणून तिकिटाचे पैसे बुडत नाहीत.

तिकीट एजंटकडून काढले, तरी पैसे परत करण्याची जबाबदारी कंपनीचीच, असेही हे नियम सांगतात. मात्र तिकिटावर आपला संपर्क क्रमांक नसेल, तर भरपाईचा हक्क जातो. म्हणून एजंटसमोर बसूनच स्वतःचा मोबाईल क्रमांक घालून घ्यावा.

बोलले की हलते, याचा दाखला ताजा आहे. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांची तयारी कंपनीने पुरेशी केली नव्हती. प्रवाशांची ओरड देशभर झाली, तेव्हा सरकारने पैसे परत करायला मुदत घातली आणि तिकीटदरांवर मर्यादाही आणली.

तेव्हा अडचण आली की चार गोष्टी कराव्यात. तिकीट आणि आलेले मेसेज जपून ठेवावेत. विमान का रद्द झाले, ते कंपनीकडून लेखी मागावे. इंग्रजी येत नसेल तर मराठीत किंवा हिंदीत बोलावे, त्यात कमीपणा कसला? दुसऱ्या तिकिटाची, जेवणाची पावती ठेवावी. कंपनीने दाद दिली नाही, तर सरकारच्या एअरसेवा या सोयीवर किंवा 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. त्यानेही भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच अर्ज करता येतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींनी हा अर्ज आई-वडिलांना लिहून द्यावा. तिकिटाचे पैसे घामाचे आहेत, ते मागताना मान खाली घालण्याचे कारण नाही.