स्वायत्त तंत्रिका विकारांतील आत्म-प्रतिरक्षा परीक्षा

हृदयाची गती, रक्तदाब, घाम, आतड्यांची हालचाल इत्यादींचे इच्छेविना नियमन करणाऱ्या तंत्रिकांच्या विकारामागे शरीराची स्वतःच्याच ऊतकांविरुद्धची प्रतिरक्षा प्रतिक्रिया आहे किंवा नाही, हे ठरविण्याच्या परीक्षा. अशा विकारांचे सर्वांत सामान्य कारण मधुमेह होय. कुष्ठरोग व काही औषधे हीही कारणे असतात. ती आधी वगळावी लागतात. आत्म-प्रतिरक्षाजन्य विकार मात्र वेळीच ओळखल्यास उपचारांनी पुष्कळदा मागे हटतो, म्हणून तो शोधण्यास महत्त्व आहे.

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या (स्थापना १९५६) ‘घाटी’ रुग्णालयात काय किंवा तालुक्याच्या दवाखान्यात काय, आरंभ रक्तदाबमापकानेच होतो. उभे राहिल्यावर ३ मिनिटांत प्रकुंचनी दाब २० किंवा प्रसरणी दाब १० मिमी. ने उतरल्यास विकाराचा संशय बळावतो. डोळे व तोंड कोरडे असल्यास श्योग्रेन विकाराचा विचार करतात. पापणीत अडकविलेली गाळणकागदाची पट्टी ५ मिनिटांत ५ मिमी. पेक्षा कमी भिजली, तर अश्रू अपुरे समजतात. त्यानंतर रक्तरसातील ‘रो’ व ‘ला’ प्रतिपिंड पाहतात; ते नसल्यास ओठातील लालाग्रंथींची जीवोतक परीक्षा उपयोगी पडते.

केंद्रक-विरोधी प्रतिपिंड परीक्षा सरसकट सांगितली जाते, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. १:४० इतक्या विरलतेस ती पुष्कळ निरोगी माणसांतही होकारात्मक येते. गुच्छिकांतील ॲसिटिलकोलीन ग्राहींविरुद्धचे प्रतिपिंड अधिक सूचक असतात. आत्म-प्रतिरक्षाजन्य गुच्छिका विकाराच्या सु. निम्म्या रुग्णांत ते सापडतात. अर्थात नकारात्मक निष्कर्षाने रोग वगळता येत नाही. ‘हू’ प्रतिपिंड आढळल्यास फुप्फुसाच्या कर्करोगाचा शोध घेणे आवश्यक ठरते.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गीयाँ-बारे विकाराची साथ उद्भवली. काही रुग्णांच्या मलात कँपिलोबॅक्टर जेजुनी हे सूक्ष्मजंतू आढळले. त्यांच्या आवरणातील रेणू तंत्रिकांतील गँग्लिओसाइडांसारखे असल्याने जंतूंविरुद्धचे प्रतिपिंड तंत्रिकांवरच उलटतात. स्नायूंच्या दुर्बलतेबरोबर रक्तदाब व नाडी अकस्मात खालीवर होणे हा या विकारातील मोठा धोका असतो. येथे निदान लक्षणे, तंत्रिका-संवहन व मस्तिष्क-मेरुद्रव यांवरून करतात. प्रतिपिंडांच्या अहवालासाठी उपचार थांबविणे अयोग्य होय.

रक्ताचा नमुना मात्र इम्युनोग्लोब्युलीन देण्यापूर्वी घ्यावा. हे औषध हजारो दात्यांच्या रक्तद्रवापासून बनते. त्यातील परके प्रतिपिंड नंतरच्या नमुन्यात रुग्णाचेच म्हणून मोजले जातात.