लुळं की ताठ?

२०२५ च्या सुरुवातीला पुण्यात, विशेषतः सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांत, ‘जीबीएस’च्या (गुलेन-बॅरे सिंड्रोम) रुग्णांचा आकडा दीडशेपलीकडे गेला आणि इकडे भूम तालुक्यातल्या ईटमधून तिकडच्या पोराबाळांना फोन सुरू झाले. ‘पाणी उकळूनच पी.’ विहीर, टँकर, कच्चं चिकन हे सगळं तुम्ही तेव्हा वाचलंय, ते पुन्हा उगाळत नाही. मला अडवलं ते पारावरच्या एका वाक्यानं : ‘‘म्हणजे लकवाच की हो! आमच्या अण्णांना झालता तसा.’’

तसा नाही. लकवा जुना झालेल्या माणसाचा हात छातीशी मुडपलेला असतो, मूठ आवळलेली, पाय लाकडासारखा ताठ. तो पाय अर्धगोल फिरवून टाकावा लागतो. जीबीएसच्या रुग्णाचे पाय मात्र ओल्या फडक्यासारखे लुळे. धड हलता दोघांनाही येत नाही, पण तार वेगवेगळ्या जागी तुटलेली आहे.

तार पाहायची तर आपल्याकडच्या खवा भट्टीवर चला. दूध आटत आलंय, तळाला लागू नये म्हणून उलथणं फिरवणारा उजवा हात क्षणभर थांबत नाही. त्याचा हुकूम सुटतो डाव्या मेंदूतून. टाळूपासून कानाच्या दिशेनं उतरणाऱ्या एका पट्ट्यातून. या पट्ट्यात शरीर उलटं टांगलेलं आहे : पाय वर, चेहरा खाली. अख्ख्या पाठीला मिळत नाही एवढी जागा एकट्या बोटांना. तिथून निघालेले धागे गोळा होत होत मेंदूच्या पोटातल्या एका चिंचोळ्या खिंडीतून उतरतात. बालाघाटातल्या माणसाला घाटाचं दुखणं सांगायला नको. माळावर दरड पडली तर एखादी वाट बंद होते, घाटात पडली तर सगळी वाहतूक. म्हणून या खिंडीतला तुरीच्या दाण्याएवढा भाग मेला तरी चेहरा, हात, पाय एकदम जाऊ शकतात.

पुढे, कवटीतून बाहेर पडण्याच्या आधी, दहातले आठ-नऊ धागे बाजू बदलतात. डाव्या मेंदूला धक्का बसला की उजवं अंग जातं ते यामुळं. मग ते मज्जारज्जूत उतरतात आणि इथं गाडी बदलावी लागते. तिथली दुसरी चेतापेशी हुकूम उचलते; तिची तार मणक्यांमधून बाहेर पडून स्नायूपर्यंत जाते.

जीबीएस या दुसऱ्या गाडीवर घाला घालतो. पोटातल्या जंतूशी लढायला निघालेली आपलीच प्रतिकारशक्ती चुकून बाहेरच्या तारांवर उलटते. हुकूम मज्जारज्जूपर्यंत येतो, पुढे जात नाही. स्नायू ढिला, गुडघ्याखाली हातोडी मारली तरी पाय उडत नाही. लकव्यात पहिलीच गाडी अडकते. सुरुवातीचे काही दिवस तो पायही लुळाच असतो, मग ताठरतो. कारण मेंदूकडून नुसता हुकूम येत नसतो, आवरही येत असतो. आवर सुटला की मज्जारज्जू आपल्या मर्जीनं स्नायू आवळून धरतो.

हे ओळखायची माझी लाडकी खूण यंत्राशिवायची आहे. १८९६ मध्ये पॅरिसच्या जोसेफ बाबिन्स्की यांनी ती मांडली. तळव्यावर टाचेकडून बोटांकडे बोथट टोक ओढा. धडधाकट माणसाचा अंगठा खाली वळतो, पहिली तार तुटलेल्याचा वर उठतो. तान्ह्या बाळाचाही वरच उठतो. त्याच्या तारांवरचं वेष्टण अजून पुरं व्हायचं असतं.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. नेमकी ही पहिली तार, तीही मुख्यतः पायांकडे जाणारी, खाऊन टाकणारा एक रोग महाराष्ट्राच्या ओळखीचा आहे. त्याचं मूळ म्हणजे भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत पिकणारी लाखोळी डाळ. पाऊस दगा देवो, ही उगवतेच. पण दुष्काळात महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न झाली की तरणीताठी माणसं चवड्यांवर, पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकवत, काठी टेकत चालू लागतात. बुद्धी शाबूत, स्पर्श शाबूत. १८३० च्या दशकात सागर भागातली अशी गावं ब्रिटिश अधिकारी कर्नल स्लीमन यांनी लिहून ठेवली आहेत. यामागचं विष, ओडॅप, १९६४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या राव, अडिगा आणि सर्मा यांनी वेगळं काढलं. त्याच्या तीन वर्षं आधीच, १९६१ मध्ये, लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली होती.

नागपूरचे डॉ. शांतीलाल कोठारी या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षं लढले, उपोषणाला बसले. गरिबाची प्रथिनं का हिरावता, हा त्यांचा सवाल. २०१६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीनं रतन, प्रतीक आणि महातिवडा या कमी ओडॅपच्या वाणांना हिरवा कंदील दाखवावा असं सुचवलं. शास्त्र म्हणून ते बरोबरच असेल. चार भाज्या, भाकरी, दूध यांच्या सोबतीला वाटीभर लाखोळी खाऊन कुणी पांगळं होत नाही.

पण माझी शंका तारेपाशी अडते. जीबीएसचे बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत, महिन्यांत पुन्हा उभे राहतात, कारण बाहेरच्या तारांची डागडुजी होते. मेंदूपासून मज्जारज्जूपर्यंतची तार एकदा गेली की पुन्हा उगवत नाही. ज्वारी-हरभऱ्याच्या आमच्या मुलखात लाखोळी कुणी रोज रांधत नाही. पण बहात्तरचा दुष्काळ म्हाताऱ्यांना अजून आठवतो, आणि दुष्काळात ताटात दुसरं काहीच नसतं हेही. बियाण्यात ओडॅप किती, ते प्रयोगशाळा सांगेल. त्या घरात त्या महिन्यात आणखी काय शिजलं, ते कोण मोजणार?