टॅगवरची गोष्ट

इन्स्टावर स्क्रोल करता करता असं एखादं रील समोर येतंच. धुक्यातलं जंगल, मागे बासरी, हिरव्यागार क्लोकमधली मुलगी आणि खाली कॅप्शन : 'केल्टिक लोककथांमधून प्रेरित, हँडमेड, सस्टेनेबल.' तुम्ही लगेच सेव्ह करता. फेस्टच्या लुकसाठी, नाहीतर डिझाइन प्रोजेक्टच्या मूडबोर्डसाठी. पण एक मिनिट! आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स या केल्टिक मुलखांत निसर्ग, लोककथा आणि कपडे यांचं नातं खरंच जुनं आहे. म्हणून टॅगवरची प्रत्येक गोष्ट खरी असतेच असं नाही. आणि खरी असली, तरी तेवढ्यावर कपडा सस्टेनेबल ठरत नाही.

स्वेटरची दंतकथा

आयर्लंडच्या पश्चिमेला अरान बेटं आहेत. तिथला पांढरा, जाड विणीचा स्वेटर तुम्ही नक्की पाहिला असेल. त्याच्याबद्दल हमखास सांगितलं जातं, की प्रत्येक घराण्याची वीण वेगळी असायची, म्हणजे बुडालेल्या मच्छीमाराची ओळख स्वेटरवरून पटावी. अंगावर काटा येतो ना? पण याला पुरावा नाही. जे. एम. सिंग यांच्या १९०४ मधल्या 'रायडर्स टू द सी' या नाटकात बुडालेल्या भावाची ओळख बहिणीला पटते खरी, पण ती मोज्याच्या टाक्यांवरून. तिथून ही कल्पना स्वेटरवर चढली आणि दुकानदारांनी ती उचलून धरली. स्वेटर खरा, विणणाऱ्या बायकांची मेहनत खरी, दंतकथा मात्र मार्केटिंगची.

दगडफुलाचा रंग

आता एक खरी लोकसमजूत. स्कॉटलंडमध्ये खडकांवर 'क्रॉटल' उगवतं. आपल्या गोड्या मसाल्यात पडणाऱ्या दगडफुलाचंच हे भावंड. ते खरवडून, लोकरीबरोबर उकळलं की सुंदर तांबूस-तपकिरी रंग यायचा. पण मच्छीमार त्या रंगाचे मोजे घालून समुद्रात जायला घाबरायचे. का? तर जे खडकावरून आलं, ते खडकाकडेच परत जातं. म्हणजे माणूस थेट तळाला!

पण 'नॅचरल डाय म्हणजे इको-फ्रेंडली' हे गणितही इतकं सोपं नाही. दगडफूल वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं. एका गावापुरतं ठीक, पण जगभरच्या ऑर्डरींसाठी ते खरवडलं तर खडक बोडके होतील.

कायद्यातलं कापड

स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवरचं हॅरिस ट्वीड याच परंपरेतलं. पूर्वी विणलेलं कापड घट्ट करायला बायका टेबलाभोवती बसून ते ओलं कापड आपटायच्या. भिजवायला काय, तर साठवलेलं मूत्र! तालासाठी गेलिक गाणी म्हटली जायची आणि एका बैठकीत तेच गाणं पुन्हा म्हणणं अपशकुनी मानलं जायचं.

आज ही कामं मिलमध्ये होतात, रंगही बहुतेक रासायनिकच असतात. मग उरलं काय? उरली ती पद्धत. लोकर आधी रंगवतात, मग वेगवेगळे रंग मिसळून सूत काततात. त्यामुळे लांबून तपकिरी दिसणाऱ्या कापडात जवळून शेवाळ, समुद्र, रानफुलं असे कितीतरी रंग दिसतात. निसर्गापासून प्रेरणा म्हणतात ती ही. कापडावर पानाचं चित्र छापलं की झालं, असं नाही.

नक्कल होऊ लागली तेव्हा १९१० मध्ये 'ऑर्ब' हा ट्रेडमार्क नोंदवला गेला. १९९३ मध्ये तर ब्रिटिश संसदेने कायदाच केला. नवी शुद्ध लोकर याच बेटांवर रंगवलेली आणि कातलेली हवी, कापड बेटकऱ्यांनी आपल्या घरी हाताने विणलेलं हवं आणि फिनिशिंगही तिथेच झालेलं हवं. माग पायाने चालतो. त्यामुळे कितीही मोठा ब्रँड आला, तरी काम विणकराच्या घरीच द्यावं लागतं. २००४ मध्ये नायकेने शूजसाठी हे कापड घेतलं, तेव्हाही नियम तोच होता.

मग तुम्ही काय कराल?

घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. कापड कशाचं आहे? पॉलिस्टरच्या क्लोकवर केल्टिक गाठ छापली म्हणून तो जंगलातून येत नाही. बनवलं कुणी आणि कुठे? आणि हे किती वर्षं वापरता येईल, उसवलं तर शिवता येईल का? फेस्टच्या एका संध्याकाळीसाठी हवं असेल तर सरळ मैत्रिणीकडून मागून घ्या. त्याहून सस्टेनेबल काही नाही.

आणि प्रोजेक्ट करत असाल, तर केल्टिक गाठी कॉपी-पेस्ट करू नका. त्या विणकरांची नजर उचला. खिडकीतून दिसणाऱ्या एका झाडात किती रंग आहेत, ते आधी मोजा.

पुढच्या वेळी ते रील दिसलं की कमेंटमध्ये एवढंच विचारा, 'हे विणलं कुणी?' उत्तर आलं, तर किमतीचं बोलू.