धुळीआड लपलेला धूर

सोलापुरात दुपारी स्कूटीवरून निघालेली मुलगी आधी स्कार्फ गुंडाळते, मग किल्ली फिरवते. डोळे तेवढे उघडे. कशासाठी म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: ऊन आणि फुफाटा. धुराचं नाव कुणी घेत नाही. स्कार्फने अडते तीही धूळच, धूर आरपार जातो.

माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा. रस्त्यावरची जाडीभरडी धूळ बहुतेक नाका-घशातच अडकते, शिंकेवाटे बाहेर पडते. डिझेलच्या धुरातले बहुतेक कण एका मायक्रॉनपेक्षाही बारीक. त्यांच्यापुढे सोलापुरी चादरीची घट्ट वीणसुद्धा चाळणीच! हे कण फुफ्फुसाच्या तळाशी असलेल्या हवेच्या पिशव्यांत उतरतात, त्यांतले अतिसूक्ष्म रक्तातही शिरतात. दम्याच्या जोडीला हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, तो यामुळेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला तंबाखूच्या पंक्तीत बसवलं: माणसात कर्करोग घडवणारा, पहिला गट.

शहराची हवा मोजण्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची जी केंद्रं आहेत, त्यांत सात रस्ता आणि वालचंद इन्स्टिट्यूटचा परिसर ही दोन जुनी. पद्धत साधी. पांढरा फिल्टर कागद आधी तोलायचा, यंत्रात बसवून त्यातून हवा ओढायची, मळकट झालेला कागद पुन्हा तोलायचा. वाढलेलं वजन म्हणजे प्रदूषण. मात्र तराजूला धूळ आणि काजळी सारखीच. धुळीचा एक जाड कण काजळीच्या हजारो कणांना वजनात सहज मागे टाकतो. त्यामुळे हिशेबात धूळ मोठी दिसते आणि धूर किरकोळ.

याचा परिणाम पैशांवरही झाला. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातल्या ज्या शहरांची नावं आली, त्यांत सोलापूर आहे. पण देशभर या कार्यक्रमाचं यश मोजलं गेलं ते प्रामुख्याने पीएम १० वर, म्हणजे धूळ ज्यात सर्वाधिक भरते त्या मापावर. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०२४ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार खर्चापैकी ६४ टक्के रक्कम धूळ कमी करण्यावर गेली, वाहनांच्या धुरावर १३ टक्क्यांहून कमी. रस्ता झाडणारं यंत्र फिरलं की काम दिसतं; धुराचं तसं नाही.

आणि सोलापुरात धूर यायला वाटा भरपूर. पुणे-हैदराबाद आणि धुळे-विजापूर हे दोन महामार्ग इथे एकमेकांना छेदतात. गळीत हंगाम सुरू झाला की उसाने शिगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर कारखान्यांकडे निघतात. चढ लागला की नळकांड्यातून काळा लोट. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा आलं, इंधनातलं गंधक दशलक्ष भागांत ५० वरून १० वर उतरलं, नव्या डिझेल गाड्यांना काजळी पकडणारे फिल्टर बसले. ट्रॅक्टरला हे नियम नाहीत, त्यांचे निकष निराळे आणि सैल. शिवाय जुने ट्रक एका रात्रीत भंगारात जात नसतात.

मग पीयूसी कशाला आहे? पेट्रोल पंपाशेजारच्या टपरीत पोरगा सायलेन्सरमध्ये नळी सारतो, नंबरप्लेटचा फोटो काढतो, पावती देतो. गाडी उभी, इंजिन रिकामं घुरघुरतंय. पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजला जातो, डिझेलच्या धुराचा दाटपणा. नायट्रोजनची ऑक्साइडं या तपासणीत येतच नाहीत.

सोलापूरच्या उन्हाचा खरा संबंध याच ऑक्साइडांशी आहे. कडक उन्हात ती हायड्रोकार्बनशी मिळून जमिनीलगत ओझोन तयार करतात. आकाशात उंचावर तोच ओझोन आपलं रक्षण करतो, इथे मात्र श्वासनलिका सुजवतो आणि पिकांच्या पानांवर डाग पाडतो. सात रस्त्याच्या फिल्टर कागदावर तो उमटत नाही, कारण तो वायू. त्याचा जोर दुपारी सर्वाधिक असतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार गेला की बाजारपेठ ओस पडते. तेव्हा रस्त्यावर उरतात रिक्षावाले, वाहतूक पोलीस आणि पार्सल पोचवणारी पोरं.